मेल्यावर पुढे सरकणारे खेळ: रोगलाइट

रोगलाइट हा भुयारात शिरून लढण्याच्या व्हिडिओ गेमचा प्रकार. पात्र मेले की डाव पहिल्यापासून सुरू होतो आणि भुयाराचा नकाशाही बदलतो. मूळ आहे १९८० च्या 'रोग' या गेममध्ये. युनिक्स संगणकावरच्या त्या खेळात चित्रे नव्हतीच. राक्षस म्हणजे इंग्रजीतली मोठी अक्षरे! वसईच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यातल्या वाटा दोन-चार फेऱ्यांत पाठ होतात. या खेळांत मात्र दालने दरवेळी नव्याने जुळतात, त्यामुळे नकाशा घोकून भागत नाही, शत्रूंच्या खोडी ओळखाव्या लागतात.

मूळ 'रोग' निर्दयी होता: मरण आले की सगळे गेले. रोगलाइटने त्यात सवलत दिली. 'रोग लेगसी'त (२०१३) मिळवलेले सोने पुढच्या वारसाच्या कामी येते. 'हेडीस'मध्ये (२०२०) दालने हाताने घडवलेली, पण त्यांचा क्रम आणि बक्षिसे बदलती. शिवाय नायक मरून घरी परतला की कथा पुढे सरकते. या प्रकारातली ही सर्वांत देखणी युक्ती. सवलती साठत गेल्या की खेळ सोपा होतो, हा धोका उरतोच. त्यावर 'हेडीस'मध्ये उतारा आहे: पहिल्या विजयानंतर खेळाडू स्वतःच जाचक अटी लादून घेऊ शकतो.