‘ताडपत्री’ आणि ‘वाळणे’ : शिवणीच्या जलरोधनातील दोन शब्द

वसई तालुक्यातील निर्मळ येथे कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधिमंदिराच्या परिसरात सुकेळ्यांपासून भांड्यांपर्यंत नाना वस्तूंची दुकाने लागतात आणि त्यांवर आच्छादने ताणली जातात. अशा आच्छादनावर अवकाळी पावसाची एखादी सर आली, तर पाणी बहुधा प्रथम कापडातून झिरपत नाही. दोन पट्टे जेथे जोडलेले असतात त्या शिवणीतून ते आत येते. सुईने पाडलेले प्रत्येक छिद्र दोऱ्याहून किंचित मोठे राहते, आणि दोरा स्वतः वातीप्रमाणे पाणी ओढून घेतो. सुती कापड व सुती दोरा भिजल्यावर फुगतात, त्यामुळे जुन्या राहुट्यांची छिद्रे पावसातच बऱ्याच अंशी बुजत. नायलॉन तसे फुगत नाही. म्हणून आजच्या तंबूची शिवण वेगळ्या द्रव्याने बुजवावी लागते.

हे द्रव्य निवडताना पहिली अडचण भाषेची येते. ‘ताडपत्री’ हा शब्द इंग्रजीतील टारपोलिनवरून आला असावा. त्या शब्दाचा पूर्वभाग बहुधा डांबर या अर्थाचा आहे. मराठीत येताना डांबर गळाले आणि त्याच्या जागी ताड उभा राहिला. वसईच्या किनाऱ्यावर ताडांची वाण नाही, तेव्हा तेथील माणसाला ही लोकव्युत्पत्ती अगदी स्वाभाविक वाटल्यास नवल नाही. हिंदीने त्याच शब्दाचे ‘तिरपाल’ केले. तेथे झाड उगवले नाही. परंतु व्युत्पत्तीपेक्षा व्याप्तीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मेण चढविलेले सुती कापड, प्लॅस्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांचे निळे आच्छादन, अंगावर पातळ लेप असलेले नायलॉन, या सर्वांना बाजारात ताडपत्रीच म्हणतात. सिलिकोनचा लेप असलेल्या नायलॉनवर सिलिकोन घट्ट बसते. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडावर त्याची पकड कच्ची राहते व तेथे पॉलियुरेथेनच्याच जातीचे द्रव्य लागते. आणि पॉलिथिनच्या आच्छादनावरून तर ते सालीसारखे सुटून येते. नाव एक असल्यामुळे उपायही एकच असावा, अशी समजूत होते व श्रम वाया जातात.

‘सिलिकोन’ हे नावही साम्यावरच बेतलेले आहे. फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनज्ञाने 1901 मध्ये ‘कीटोन’ या शब्दाच्या धर्तीवर ते घडविले. दोहोंच्या सूत्रांत साम्य होते, रचना मात्र निराळी. साम्य मागे पडले आणि नाव तेवढे राहिले.

नळीतील सिलिकोन लोण्यासारखे दाट असते. ते टाक्यांच्या छिद्रांत शिरत नाही. म्हणून ते पातळ करावयाचे. त्यासाठी पाणी उपयोगी नाही. रंगारी ज्याला ‘टर्पेंटाइन’ म्हणतात ते खनिज द्रावक (खरे टर्पेंटाइन पाइन वृक्षाच्या राळेपासून मिळते; येथेही नाव मागेच राहिले आहे) थोडे थोडे ओतून ढवळीत जावे. एक भाग सिलिकोनला एक ते तीन भाग द्रावक, असे प्रमाण सामान्यतः पुरते. मिश्रण मधाइतके किंवा त्याहून थोडे पातळ झाले म्हणजे झाले. तंबू ताणून उभा करावा, म्हणजे टाक्यांची छिद्रे उघडी राहतात. शिवण पुसून कोरडी करावी, बारीक कुंचल्याने मिश्रण टाक्यांत जिरवावे व वर साचलेले लगेच टिपून घ्यावे. काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे, हे सांगावयास नकोच.

यापुढे दुसरा शब्द आड येतो. शिवण ‘वाळली का?’ असे विचारले जाते. वस्तुतः येथे दोन भिन्न क्रिया घडतात. द्रावक उडून जातो. त्याला वाळणे म्हणणे योग्यच आहे. परंतु सिलिकोन काही गमावून घट्ट होत नाही. हवेतील बाष्प घेऊन त्याचे रेणू परस्परांस जोडले जातात. सर्रास मिळणाऱ्या प्रकारात या वेळी ॲसेटिक आम्ल बाहेर पडते, म्हणून शिरक्याचा वास येतो. बाष्प बाहेरून आत जाते, त्यामुळे आधी वर साय धरते. जाड थर दिवसाला दोनतीन मिलिमीटरच पक्का होतो. ‘वाळणे’ या शब्दाने फसलेला मनुष्य कडक, कोरड्या उन्हाची वाट पाहतो. वास्तविक किनाऱ्यावरील दमट हवा या कामास अनुकूलच असते. मात्र त्याच दमटपणामुळे उघड्या भांड्यातील मिश्रण लवकर दाटते, म्हणून ते झाकणाच्या बरणीत व लागेल तेवढेच करावे.

मराठीत हा भेद ओळखणारी भाषा नाही असे नव्हे. गवंडी सिमेंटच्या कामाला ‘पाणी मारतो’. ते वाळू नये हीच त्याची चिंता असते, आणि सिमेंटने ‘धरले’ असे तो म्हणतो. तंबूच्या शिवणीसाठी हेच क्रियापद घेता येईल. सिलिकोनला गवंड्यासारखे पाणी मारावे लागत नाही, हवेतील बाष्प पुरते, एवढाच फरक. धरल्यानंतरही शिवण काहीशी चिकट राहते. घडी घालण्यापूर्वी तिच्यावर शंखजिऱ्याची पूड चोळतात.

हाती असलेली ताडपत्री कोणत्या जातीची, हे विक्रेत्यास सांगता येईलच असे नाही. तिच्या एका कोपऱ्यावर मिश्रणाचा थेंब ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो नखाने खरवडून पाहावा. थेंब अखंड उचलून आला, तर त्या कापडावर सिलिकोन लावू नये.