माळव्याचे दोन चित्रपट
धार आणि देवास या पवारांच्या संस्थानी मुलखाशी ज्यांचा ऋणानुबंध आहे, त्या रसिकांनी दोन चित्रपट अवश्य पाहावेत, असे माझे प्रांजळ मत आहे. पहिला गुलजारांचा ‘किनारा’ (१९७७): धार जिल्ह्यातील मांडू येथे चित्रित झालेल्या प्रसंगांत हेमामालिनी आणि जितेंद्र यांच्या अभिनयाहून काकणभर अधिकच ते भग्न प्रासाद विरहाची व्यथा बोलून दाखवितात. दुसरा, जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरील अनुबोधपट ‘हंस अकेला’: क्षयाने ग्रासलेल्या ज्या गायकाला देवासच्या कोरड्या हवेत आरोग्य आणि माळवी लोकगीतांत नवी स्वरदृष्टी लाभली, त्याचे जीवन तेथे साक्षात भेटते. माझा कौल, निःसंशय, या दुसऱ्यालाच!