कॉम्प्युटर बिघडला तरी हिशेब बुडू नये

व्यापारी व कारागीर बंधूंनो, पूर्वी दुकानाची खरी दौलत लाल कापडाच्या वह्यांत असे. दुकान वाढवताना मुनीम रोजमेळ जुळवी, खतावणी करी आणि वह्या तिजोरीत जात. आता नांदेडच्या वजिराबादेत पाहा की लातूरच्या गंजगोलाईत, लहान पेढीवरही तेच काम कॉम्प्युटर करतो. बिले, साठा, जीएसटीचे विवरण, उधारी, कारागिरांची मजुरी, सारे काही एका डबीत येऊन बसले आहे. वही भिजली तर वाळवता येत असे, फाटली तर चिकटवता येत असे. हार्ड डिस्क गेली तर दहा वर्षांचे खाते एका दुपारी नाहीसे होते आणि कोणाकडे किती येणे आहे हे फक्त देणेकऱ्याच्याच लक्षात राहते.

यंत्र दुसरे विकत मिळते, हिशेब मिळत नाही. म्हणून लहानसहान बिघाड आपले आपण कसे ओळखावेत, आपला हात कोठे थांबवावा आणि दप्तराची व्यवस्था कशी ठेवावी, याची माहिती येथे देत आहे.

वीज, उष्मा आणि धूळ

मराठवाड्यात कॉम्प्युटरचे तीन मोठे शत्रू आहेत. पहिला शत्रू विजेचा चढउतार. यूपीएस घेतला म्हणजे काम संपले असे नाही. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. महिन्यातून एकदा काम बंद असताना भिंतीचे बटण बंद करून पाहावे. पाच मिनिटेही तग धरत नसेल तर बॅटरी बदलावी. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो. दुकानाचे अर्थिंग वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

दुसरा शत्रू उष्मा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या दुकानात कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, तो बहुधा तापल्यामुळे. त्याची पाठ भिंतीला चिकटवू नये, एक वीत जागा सोडावी.

तिसरा शत्रू धूळ. कापड, शिवणकाम, गादी किंवा लाकूडकाम जेथे चालते तेथे बारीक तंतू आणि भुसा आतल्या पंख्यात अडकतो. दर तीन महिन्यांनी तार काढून, झाकण उघडून, मऊ ब्रशने साफ करावे. ओला कपडा वापरू नये.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर आधी भिंतीचे बटण, मग यूपीएस, मग मागच्या बाजूची जाड तार दाबून पाहावी. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच असेल तर मॉनिटरची तार पाहावी. पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे सर्व काढून पुन्हा सुरू करावे. पुष्कळदा कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हपाशीच अडकलेला असतो. टूं-टूं असा आवाज येत असेल तर आतली रॅमची पट्टी सैल झालेली असू शकते. तार काढून ती पट्टी बाहेर घ्यावी, तिच्या पिवळ्या कडा पेन्सिलच्या रबराने हलके पुसाव्यात आणि परत घट्ट बसवावी.

रोज सकाळी तारीख चुकीची दिसत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. हा सेल स्वस्त असतो, पण त्याकडे दुर्लक्ष महाग पडते. चुकीच्या तारखेने बिले निघतात, आणि बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ असुरक्षित असल्याची सूचना देऊन उघडत नाही. माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

प्रिंटर काम करीत नसेल तर पाच वेळा प्रिंटचे बटण दाबू नये. अडकलेल्या कामांच्या रांगेत भर पडते, आणि प्रिंटर सुटला की एकच बिल पाच वेळा निघते. प्रिंटर बंद करावा, रांगेतील सर्व कामे रद्द करावीत, कॉम्प्युटर बंद करून सुरू करावा, मग एकच पान काढून पाहावे.

मराठी किंवा उर्दू मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर विचित्र अक्षरांत दिसतो, अशी तक्रार पत्रिका व बिलबुके छापणारे बंधू नेहमी करतात. श्रीलिपी, कृतिदेव किंवा जुन्या इनपेजमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तीच लिपी असल्याखेरीज वाचता येत नाही. मजकूर पीडीएफ करून पाठवावा. नवीन पत्रे युनिकोडमध्येच टाइप करावीत.

आता कोठे थांबावे ते पाहू. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला, किंवा फाइल उघडायला मिनिटे लागू लागली, तर त्याच क्षणी हिशेबाची प्रत काढावी. प्रत निघत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून जाणकाराकडे न्यावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. टॅली उघडताना चूक दाखवीत असेल तर दुरुस्तीची आज्ञा देण्यापूर्वी डेटाचा पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करावा. दुरुस्ती फसली तरी मूळ डेटा हाती राहतो. आणि मेकॅनिक ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ म्हणाला, तर त्याला आधी डेटा बाहेर काढायला सांगावे आणि ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्वतः उघडून पाहावी. डेस्कटॉपवरील कागदपत्रे आणि साठवलेले पासवर्डसुद्धा फॉर्मॅटमध्ये जातात, हे विसरू नये.

प्रत दुकानाबाहेर हवी

अनेकजण प्रत काढतात, पण त्याच कॉम्प्युटरच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये ठेवतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. पेन ड्राइव्ह गल्ल्यात ठेवला तर आग, चोरी किंवा पाणी दोन्ही घेऊन जाते. आपल्या भागाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरांबरोबर पेट्या आणि दस्तही दगडमातीखाली गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावांत पाणी शिरले.

तारेने जोडलेली प्रतही पुरेशी नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला होता. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे बंद पडले आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. त्या जाळ्याची किल्ली म्हणावी अशा माहितीच्या सर्व जोडलेल्या प्रती नष्ट झाल्या होत्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयातील, कारण तेथे त्या वेळी वीज गेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला तारेपासून सुटलेल्या एका प्रतीने तारले. आपल्याला तर हे काम दोन पेन ड्राइव्हमध्ये करता येते.

रीत अशी ठेवावी. दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत आणि त्यांवर ‘एक’ व ‘दोन’ लिहावे. एका जुम्याला एकावर, पुढच्या जुम्याला दुसऱ्यावर प्रत घ्यावी. टॅली प्राइममध्ये ऑल्ट व वाय दाबले की डेटाच्या यादीत बॅकअप सापडतो. प्रत झाली की पेन ड्राइव्ह काढून घरी न्यावा. शक्य असल्यास तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवावी, मात्र खाते मालकाच्या नावाचे असावे. दर तीन महिन्यांनी एक प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचे बिल दिसते का ते पाहावे. न उघडलेल्या प्रतीवर विसंबू नये.

ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

हा प्रश्न आजच स्वतःला विचारावा. जीएसटीची नोंदणी करताना घाईत पुष्कळांनी हिशेबनीसाचा मोबाइल नंबर आणि ईमेल दिला. हिशेबनीस गाव सोडून गेला, त्याचा नंबर बंद झाला किंवा तुमचे बिनसले, तर आपल्याच धंद्याचे दार आपल्याला उघडता येत नाही. जीएसटी, उद्यम, बँक आणि आयकर या चारही ठिकाणी मालकाचा नंबर आणि मालकाचा ईमेल असावा. तो नंबर रिचार्जशिवाय राहू देऊ नये. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो.

एका वहीत सर्व खात्यांची नावे, पासवर्ड, टॅलीचा सिरीयल नंबर, यूपीएस व प्रिंटरची खरेदीबिले, मेकॅनिकचा फोन लिहून ती तिजोरीत ठेवावी. घरातील एका जबाबदार व्यक्तीला, मग ती बीवी असो की मुलगी, त्या वहीची जागा माहीत असावी. मालक अचानक दवाखान्यात गेला तर दुकान थांबते ते मालाअभावी नव्हे. कोणाला काही माहीत नसते, म्हणून थांबते.

बिले, तारखा आणि कागद

जीएसटीचे बिल नंबर क्रमाने, वर्षात पुन्हा न येणारे आणि १६ अक्षरांच्या आत असावे लागतात. कॉम्प्युटर बंद पडला तर विक्री थांबवू नये. वेगळ्या मालिकेचे छापील बिलबुक नेहमी तयार ठेवावे आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावर तीच बिले त्याच नंबराने चढवावीत.

जीएसटीआर-३बी भरायची मुदत दरमहा भरणाऱ्यांना २० तारीख आणि तिमाही योजनेतील महाराष्ट्राच्या व्यापाऱ्यांना तिमाहीनंतर २२ तारीख आहे. उशीर झाला तर रोज ५० रुपये, व्यवहार नसेल तरी रोज २० रुपये विलंब शुल्क लागते. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळे. शेवटच्या दिवशी संकेतस्थळावर गर्दी होते आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. पंधरा तारखेला काम उरकावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे दर बदलले. २५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. ज्यांनी टॅलीतील मालाच्या यादीत हा बदल केलेला नाही, त्यांनी आधी प्रत घेऊन मग दर तपासावेत. बदल त्या तारखेपासूनच लागू करावा, जुनी बिले हलता कामा नयेत.

जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ सालचे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. येथे एक सूचना. ट्रान्सपोर्ट, पेट्रोल किंवा कार्ड मशीनच्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या उष्म्याने वर्षभरातच कोऱ्या होतात. त्या आल्या त्याच दिवशी त्यांची झेरॉक्स किंवा फोटो काढावा.

जुन्या कागदाची किंमत मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा निजामाच्या काळातील उर्दू आणि मोडी दप्तरे पुन्हा बाहेर निघाली. ज्यांनी ती नीट बांधून ठेवली, त्यांची मेहनत पिढ्यांनंतर कामी आली.

उधारीला सहीचा आधार

टॅलीत येणे दिसते म्हणून ते वसूल होईल असे नाही. उधार मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याची सही दिली तर मुदत तेथून नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक उधारीदाराचा खातेउतारा छापावा, त्यावर ‘बाकी मान्य’ अशी तारखेसह सही घ्यावी आणि वेगळ्या फाइलमध्ये लावावी. कॉम्प्युटरचा नुसता उतारा कोर्टात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. सहीचा कागद हाती असला की वकिलाचे काम सोपे होते.

अनोळखी मदतनीसापासून सावध

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, एनीडेस्क टाका’ असा फोन आला तर बंद करावा. एकदा पडदा दुसऱ्याच्या हाती गेला की बँकही त्याच्याच हाती जाते. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम रोखली जाण्याची आशा अधिक. चोरीचे सॉफ्टवेअर टाकू नये, व्हायरस बहुधा त्यातूनच येतो. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवल्या आहेत. ज्यांच्याकडे अजून तीच आहे त्यांनी मेकॅनिकला विचारून पुढची सोय करावी, तोवर बँकेचे काम त्यावर करू नये.

या सर्व गोष्टींना मोठा खर्च नाही. दोन पेन ड्राइव्ह, एक वही, एक बिलबुक आणि जुम्याची दहा मिनिटे. हा अंक वाचून होताच टॅलीची एक प्रत काढावी आणि संध्याकाळी ती घरी न्यावी. बाकीची कामे उद्यापासून केली तरी चालतील.