फार्मसीच्या ई-मेलचे स्थलांतर : पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म

चिकित्सालय असो वा औषधनिर्मितीची फार्मसी, स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. कच्च्या द्रव्यांची मागणीपत्रे, प्रयोगशाळेचे चाचणी अहवाल, विक्रेत्यांची देयके, परगावच्या रुग्णांची विचारणा हे सर्व त्याच पत्त्यावर येते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६९ मध्ये नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पत्र पाठविणे हा नोटीस बजावण्याचा एक विधिमान्य मार्ग मानलेला आहे. म्हणून होस्टिंगचे शुल्क वाढले, जागा अपुरी पडू लागली वा तक्रारींची दखल घेतली जाईना, यास्तव पुरवठादार बदलावयाचे ठरल्यास ते काम घाईने उरकण्याचे नव्हे. तांत्रिक हात संगणकतज्ज्ञाचा असला तरी क्रम कोणता असावा, हे मालकाने जाणून घेणे इष्ट आहे. तेवढाच या लेखाचा हेतू.

तीन वस्तूंतील भेद

ई-मेलच्या व्यवस्थेत तीन निरनिराळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे डोमेन नाव, अर्थात पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हानंतरचा भाग. ते रजिस्ट्रारकडे नोंदविलेले असते व त्याचे मुदतीनुसार नूतनीकरण करावे लागते. दुसरी म्हणजे त्या नावाच्या डीएनएस नोंदी. त्यांतील ‘एमएक्स’ ही नोंद जगातील सर्व सर्व्हरना सांगते, की या नावाचे टपाल कोठे पोहोचवावे. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष टपालपेट्या, ज्या होस्टिंग पुरवठादाराच्या सर्व्हरवर असतात. स्थलांतर होते ते केवळ टपालपेट्यांचे. डोमेन नाव हलवावे लागत नाही, आणि म्हणूनच पत्ताही बदलत नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्याच्या हाती डोमेन नाव, त्याच्या हाती पत्ता. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने अनेकदा डोमेन स्वतःच्याच नावे व स्वतःच्याच खात्यात नोंदविलेले असते. संबंध चांगले असेतोवर हे ध्यानात येत नाही. ते बिघडल्यास मात्र वर्षानुवर्षे लेबलावर छापलेला पत्ता आपल्या हातून जाऊ शकतो. तेव्हा नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे प्रथम पाहावे व आवश्यक असल्यास ती आपल्या वा संस्थेच्या नावे करून घ्यावी. रजिस्ट्रारच्या खात्याला मात्र याच डोमेनवरील ई-मेल पत्ता देऊ नये. टपाल बंद पडले, तर परवलीचा शब्द परत मिळविण्याचा मार्गही त्याबरोबरच बंद होईल.

पूर्वकर्म

सर्व पत्त्यांची यादी करावी. मुख्य पत्ता सर्वांनाच आठवतो. विसर पडतो तो उपपत्त्यांचा. मागणीसाठीचा, हिशेबाचा, तसेच नोकरी सोडून गेलेल्या व्यवस्थापकाच्या नावाचा पत्ता आणि एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे टपाल वळविण्याची व्यवस्था, हे सर्व यादीत यावे. बँक, करखाते, औषध परवाना यांच्या नोंदींत कोणता पत्ता दिला आहे, तेही लिहून ठेवावे.

ही यादी एवढी आवश्यक का, याचे कारण ई-मेलच्या यंत्रणेतच आहे. सर्व्हर तात्पुरता बंद असल्यास पाठविणारा सर्व्हर पत्र राखून ठेवतो व साधारणतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. परंतु सर्व्हर चालू असून तेथे त्या नावाची पेटी नसेल, तर पत्र तत्काळ परत जाते. अर्थात काही तास बंद असलेल्या सर्व्हरपेक्षा विसरलेली पेटी अधिक घातक होय. म्हणून नव्या ठिकाणी सर्व पेट्या आधी उघडाव्यात.

त्यानंतर जुन्या पत्रांची प्रत. येथे आपल्या संगणकावर टपाल ‘पीओपी’ पद्धतीने येते की ‘आयमॅप’ पद्धतीने, हे पाहावे. पीओपीमध्ये पत्रे संगणकावर उतरतात आणि बहुधा सर्व्हरवरून पुसली जातात. त्यामुळे जुनी पत्रे केवळ दवाखान्यातील त्या एका संगणकातच असू शकतात व सर्व्हरवरून प्रत घेणाऱ्याला ती सापडणार नाहीत. आयमॅपमध्ये याउलट संगणकात दिसते ते सर्व्हरचे प्रतिबिंब. जुने खाते काढून टाकताच तेही नाहीसे होते. दोन्ही प्रकारांत संगणकातील पत्रांची एक स्वतंत्र प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि त्यातील काही पत्रे उघडून पाहावीत. पाठविलेली पत्रे विसरू नयेत.

शेवटी ‘टीटीएल’. एखादी नोंद इतर सर्व्हरनी किती काळ स्मरणात ठेवावी, हे त्यावरून ठरते. एमएक्स नोंदीचा हा काळ २४ तास असेल, तर बदलाच्या एक-दोन दिवस आधी तो ५ मिनिटांवर म्हणजे ३०० सेकंदांवर आणावा. जुनी नोंद त्यामुळे लवकर विस्मृतीत जाते.

प्रधानकर्म

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या सायंकाळी एमएक्स नोंद बदलावी. जुनी व नवी अशा दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण टपाल दोन ठिकाणी विभागले जाईल. संकेतस्थळ जुन्याच ठिकाणी राहणार असेल, तर त्याच्या नोंदींना हात लावू नये. लगेच बाहेरच्या पत्त्यावरून यादीतील प्रत्येक पत्त्यावर पत्र पाठवून पाहावे आणि प्रत्येक पत्त्यावरून बाहेर पत्र जाते का, तेही पाहावे.

पश्चात्कर्म

शोधनानंतर रुग्णाला लगेच नेहमीचा आहार देत नाहीत, संसर्जनक्रम पाळतात. येथेही जुने खाते निदान एक महिना चालू ठेवावे व तेथे रोज डोकवावे. संकेतस्थळ जुन्या सर्व्हरवर असेल, तर त्यावरील विचारणेचा फॉर्म पुष्कळदा टपाल त्याच सर्व्हरवरील जुन्या पेटीत टाकत राहतो. डोमेनचे टपाल आता बाहेर जाते, हे त्या सर्व्हरलाही सांगावे लागते. अन्यथा रुग्णांची विचारणा येत राहते आणि कोणी वाचत नाही.

आपली पत्रे इतरांच्या ‘स्पॅम’मध्ये जाऊ नयेत, यासाठी ‘एसपीएफ’ व ‘डीकेआयएम’ या नोंदी नव्या पुरवठादाराप्रमाणे कराव्यात. कोणत्या सर्व्हरना आपल्या नावे पत्र पाठविण्याची मुभा आहे, हे पहिली सांगते. दुसरी पत्रावरील अंकीय स्वाक्षरी पडताळण्यास उपयोगी पडते. जीमेल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतचे नियम कडक केले आहेत. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. जुना सर्व्हरही पत्रे पाठविणार असेल, तर दोघांचा समावेश त्याच नोंदीत करावा. दोन वेगळ्या नोंदी झाल्यास पडताळणीच निष्फळ ठरते.

महिनाअखेर जुन्या पेट्यांत उरलेली पत्रे नव्या ठिकाणी आणावीत आणि मगच जुन्या सर्व्हरवरील सर्व पत्रे पुसून खाते बंद करावे. त्या पत्रांत रुग्णांची लक्षणे, अहवाल व छायाचित्रे असतात. रुग्णाने ती वैद्याच्या विश्वासावर पाठविलेली असतात, पुरवठादाराच्या नव्हे.

काम संपल्यावर रजिस्ट्रारचे नाव, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, होस्टिंगची मुदत आणि पत्त्यांची यादी एका कागदावर लिहून तो औषध परवान्याच्या फाइलमध्ये लावावा. परवलीचे शब्द त्यावर लिहू नयेत. परवान्याची फाइल आपण विसरत नाही. डोमेनची तारीख तिच्यातच असली म्हणजे तीही विसरली जाणार नाही.