डीजेचा लॅपटॉप घेताय? झगमगाट नको, आकडा बघा

तुळशीचे लग्न लागले, की देवगाव रंगारीच्या पंचक्रोशीत वाजवणाऱ्यांचे दिवस सुरू होतात. पूर्वी सनई-हलगी होती, मग बँड आला, त्यामागून बेंजो पार्टी आली. आता पिकअप गाडीवर रचलेले बेसचे डबे आणि त्यांच्या आडोशाला लॅपटॉपवर वाकलेला एक पोरगा, हे चित्र कन्नड तालुक्यातच नव्हे तर साऱ्या मराठवाड्यात नेहमीचे झाले आहे.

हा पोरगा बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच घरचा असतो. बारावी किंवा आयटीआय झालेला, नोकरीची वाट बघून कंटाळलेला. बेस, टॉप, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर आणि गाडी हे लाखांचे काम. त्यांचा मालक वेगळा असतो. पण स्वतःचा लॅपटॉप आणि लहानसा कंट्रोलर घेऊन दुसऱ्याच्या सेटवर वाजवायला जाणे थोड्या भांडवलात जमते. थोडे म्हणजे किती? समजा चाळीस हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने हे पाच क्विंटल कपाशीचे पैसे झाले, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. बापाने एवढी रक्कम हातावर ठेवली, की ती कशी खर्च करायची याचा विचार दुकानात पाऊल टाकण्याआधीच झाला पाहिजे.

कारण हा धंदा वेळेचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वरात निघते उशिरा, वाजवायला मिळतात दोन-अडीच तास. त्यात ऐन पारापुढे लॅपटॉप गोठला आणि पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटे लागली, तर नवरदेवाचे मित्र काय काय बोलतात ते सांगायला नको. इसार मिळालेला असतो, पण उरलेले पैसे देताना हात आखडतो, आणि पुढच्या सुपारीच्या वेळी 'त्याचा लॅपटॉप अडकतो' हे पाच गावांत आधीच पोचलेले असते. तेव्हा डीजेचा लॅपटॉप फार वेगवान नसला तरी चालेल, तो मध्येच थांबता कामा नये.

नवा स्वस्त की जुना भारी?

पोरं शहरात जातात, काचेमागे ठेवलेला नवाकोरा लॅपटॉप बघतात आणि भुलतात. नव्यातले सर्वांत स्वस्त लॅपटॉप बहुधा सेलेरॉन जातीच्या प्रोसेसरचे, चार जीबी रॅमचे असतात. ती रॅम बऱ्याचदा आतल्या बोर्डावर कायमची जोडलेली असते, वाढवता येत नाही. शाळेच्या पोराला अभ्यासाला ते ठीक. दोन गाणी एकाच वेळी चालवून त्यांचा वेग जुळवायचा, वर इफेक्ट टाकायचा, तर ते धापा टाकतात. दुसऱ्या टोकाला लाल-निळ्या दिव्यांचे गेमिंग लॅपटॉप आहेत. त्यांची निम्मी किंमत ग्राफिक्स कार्डाची असते आणि नुसती गाणी वाजवायला त्या कार्डाचा उपयोग जवळजवळ नाही. एलईडी पडद्यावर व्हिडिओ चालवायचे असतील तर गोष्ट वेगळी.

आमच्या मते नवशिक्याने या दोन्हींच्या वाटेला न जाता कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला जुना लॅपटॉप घ्यावा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरून लॅपटॉप एकगठ्ठा विकतात. ते साफसूफ होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आपल्या जिल्ह्याच्या दुकानांपर्यंत येतात. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही त्यांतली नेहमीची नावे. दिसायला काळे-करडे, पण बांधणी दणकट, कीबोर्ड बदलता येतो, रॅम वाढवता येते आणि सुटे भाग मिळतात. असा चांगला लॅपटॉप साधारण वीस हजारांच्या आत-बाहेर बसतो. भाव दुकानागणिक हलतो, म्हणून चार ठिकाणी विचारावे.

आता मुख्य आकडा. दुकानदार म्हणतो, "घे भाऊ, आय-फाइव्ह आहे, डीजेला एक नंबर." नुसते आय-फाइव्ह म्हणजे काहीच नाही. त्यापुढचा आकडा बघावा. आय५-६३००यू असेल तर ती सहावी पिढी, आय५-७३००यू सातवी, आय५-८३५०यू आठवी. या मालिकांत सातव्या पिढीपर्यंत आय-फाइव्हला दोनच कोअर असत, आठवीपासून चार आले. म्हणजे दोन बैलांच्या जागी चार जुंपले. दुसरे म्हणजे मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि इंटेलचे प्रोसेसर असतील तर विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते, मोजके अपवाद सोडून. सहाव्या-सातव्या पिढीचा माल बाजारात इतका स्वस्तात का फिरतो, त्याचे एक कारण हेच.

आणि फसगत येथेच होते, कारण पेटी बाहेरून तीच दिसते. थिंकपॅडचा टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळत नाही. पहिला जुन्या पिढीचा, दुसरा आठव्या. एलिटबुक ८४० मध्ये जी३ आणि जी४ सोडून जी५ घ्यावा. लॅटिट्यूडमध्ये ७४८० सोडून ७४९०. हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावेत.

कोणाच्या घरात सातव्या पिढीचा लॅपटॉप पडलेला असेलच, तर तो फेकू नये. इंटरनेटला न जोडता नुसता वाजवण्यासाठी तो अजून काम देईल. फक्त त्याला आठव्या पिढीचा भाव देऊ नये.

हादरा आणि हार्ड डिस्क

दुसरी अट एसएसडीची, आणि येथे तडजोड नको. जुन्या हार्ड डिस्कच्या पोटात तबकडी फिरत असते आणि तिच्यावर केसभर अंतरावर सुई तरंगते. आपला लॅपटॉप कोठे ठेवलेला असतो? बेसच्या डब्यांना लागून, गचके खाणाऱ्या पिकअपवर. आवाजाने हार्ड डिस्क कशी बिघडते याची मजेशीर पण खरी गोष्ट मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये सांगितली. जॅनेट जॅक्सन हिचे 'रिदम नेशन' हे गाणे वाजवले, की एका कंपनीचे काही जुने लॅपटॉप बंद पडत. एवढेच नव्हे, तर एका लॅपटॉपवर ते गाणे लावले तर शेजारचाही बंद पडे. गाण्यातला एक स्वर तबकडीच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. साध्या स्पीकरच्या आवाजाने हे होत असेल, तर आपल्या अठरा इंची बेससमोर काय होईल याचा विचार करावा. एसएसडीत फिरणारे काहीच नसते.

जागा २५६ जीबी पुरते. ३२० केबीपीएसचे पाच मिनिटांचे एमपी३ गाणे साधारण बारा एमबीचे असते. विंडोज आणि बाकीचा पसारा वगळून १५० जीबी उरले तरी बारा हजारांवर गाणी मावतात. एवढी एका लग्नसराईत वाजत नाहीत. त्यापेक्षा गाणी चांगल्या प्रतीची जमवावीत. मोबाइलवरून उतरवलेले फाटके गाणे खोलीत खपून जाते, मोठ्या सेटवर त्याची सगळी लक्तरे ऐकू येतात.

रॅम आठ जीबी ही किमान. गाण्यातून गायकाचा आवाज आणि ढोल वेगळे काढण्याची सोय आता सॉफ्टवेअरमध्ये आली आहे, ती वापरायची तर सोळा बरी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, त्यामुळे आज आठवर भागवावे, पण वाढवायला खाच मोकळी आहे ना, एवढे मात्र विचारून घ्यावे. उद्या स्वतःचे रिमिक्स करावेसे वाटले तर ती खाच कामी येईल. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले, तेव्हापासून गावोगावची पोरे रिमिक्सच्या मागे लागली असतील तर नवल नाही.

उरलेले पैसे कोठे घालावेत

लॅपटॉपवर निम्म्याहून जास्त पैसे घालू नयेत. उरलेले कंट्रोलर आणि हेडफोनला लागतात. हर्क्युलीसचा इनपल्स २००, नुमार्कचा पार्टी मिक्स किंवा ऐपत असेल तर पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४, हे नवशिक्यांचे कंट्रोलर. यांच्या पोटात स्वतःचे साउंड कार्ड असते. आवाज तेथून बाहेर पडतो, म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा आवाज कसा आहे हे दुकानात गाणे लावून बघण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी यूएसबीची छिद्रे घट्ट आहेत का, वायर हलवली तर जोड तुटतो का, हे बघावे. वरातीत अर्धी दुखणी त्या छिद्रातच असतात.

कंट्रोलरसोबत येणारे सॉफ्टवेअर वापरावे. एफएलएक्स४ जोडला की रेकॉर्डबॉक्सचे वाजवण्याचे भाग खुले होतात, सेराटो डीजे लाइटही त्यावर फुकट चालते. व्हर्च्युअल डीजे घरी शिकायला फुकट आहे, पण धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी त्याची चोरटी आवृत्ती टाकू नये. तिच्यासोबत व्हायरस येतो आणि तो ऐन हळदीच्या रात्री जागा होतो. अगदीच पैसे नसतील तर 'मिक्स' नावाचे सॉफ्टवेअर (नावाच्या शेवटी तीन एक्स लिहितात) पूर्ण मोफत आहे, आणि लिनक्सवरही चालत असल्याने सातव्या पिढीच्या लॅपटॉपलाही जीवदान देते.

खरेदीला जाताना शक्य तर कोणाचा तरी कंट्रोलर उसना न्यावा आणि दुकानातच तासभर वाजवून बघावे. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान गाठावे. लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्राम टाकला, की वाजताना आवाज तुटेल की नाही याचा अंदाज येतो. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कापून घ्यावी. जनरेटर बंद पडला तर तेवढीच बॅटरी गाणे शोधायला हाताशी असते. कंपनीच्या लॅपटॉपला बायोसचा पासवर्ड राहून गेलेला असतो, तो नाही याची खात्री करावी. आणि बिलावर सिरीयल नंबर हवाच, नाहीतर उद्या चोरीचा माल म्हणून पोलीस ठाण्याच्या चकरा माराव्या लागतील.

घरी आणल्यावर त्यावर सिनेमा, गेम, कोणाचे फॉर्म भरणे बंद. वाजवताना वायफाय बंद ठेवावे आणि विंडोजची अपडेट आधीच पुढे ढकलून ठेवावी. पॉवरच्या सेटिंगमध्ये यूएसबीची वीज वाचवणारी सोय चालू असते, ती बंद करावी; कंट्रोलर मध्येच 'गायब' होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. जॉग फिरवला आणि आवाज मागून आला तर बफर कमी करावा: ५१२ वर साधारण बारा मिलिसेकंद लागतात, १,०२४ वर तेवीस. फार कमी केला तर आवाज तडतडतो. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपप्रमाणे मधला आकडा शोधावा लागतो.

आपल्याकडच्या वैशाखाचाही विचार हवा. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चाळिशी ओलांडते. उन्हात पत्र्यावर ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. वर कापड, खाली जाळीचा स्टँड, आणि हंगाम संपला की पंख्यातली धूळ काढून घेणे, एवढे तरी करावे. चार्जर लावल्यावर स्पीकरमध्ये घूं असा आवाज आला तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. तेवढ्यासाठी चार्जरची तिसरी पिन कापू नये. ती जीव वाचवायला दिलेली आहे. पावसात ओल्या गाडीवर तर मुळीच नाही. जनरेटरवाल्याकडून अर्थिंग नीट करून घ्यावे, तोवर बॅटरीवर वाजवावे.

सगळी गाणी एका पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करून ठेवावीत, आणि वरातीत एक तासाची सलग वाजणारी फीत मोबाइलमध्ये तयार असावी. लॅपटॉप बसलाच तर मोबाइलची वायर मिक्सरला लावून तेवढा वेळ निघतो. खरेदी पोळ्याच्या सुमारास उरकली तर तुळशीच्या लग्नापर्यंत दोन-अडीच महिने सरावाला मिळतात, आणि गणपतीत, नवरात्रात मंडळाच्या मांडवात आवाज लहान ठेवून हात बसवून घेता येतो.