लिस्बनला जाताना : बेलेमचे मनोरे आणि पेनिशच्या कोठड्या

पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे तेजो नदीच्या मुखाशी वसलेले बंदर. गोव्यातील प्रवाशांसाठी मात्र ते केवळ पर्यटनस्थळ नव्हे. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत गोव्याविषयीचे निर्णय बहुतांशी याच शहरात होत. त्यामुळे येथील वास्तू पाहताना त्यांची दुसरी बाजूही ठाऊक असणे इष्ट ठरते.

प्रथम प्रवासाची तयारी. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. त्यावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो व किमान 15 दिवस आधी करावा लागतो. किमान 30 हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा अनिवार्य आहे. लिस्बनचे घड्याळ भारतापेक्षा हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी मेट्रोची लाल मार्गिका सोयीची आहे. शहर टेकड्यांवर वसलेले असून पदपथांचे गुळगुळीत दगड पावसात निसरडे होतात; चांगली पकड असलेली पादत्राणे हवीत. आल्फामाच्या अरुंद गल्ल्यांतून जाणारी 28 क्रमांकाची ट्राम प्रसिद्ध आहे, तसेच तिच्या गर्दीतील खिसेकापूही. आपत्काळात 112 हा क्रमांक फिरवावा. उपाहारगृहात न मागता मेजावर येणारे पाव, ऑलिव्ह व चीज फुकट नसतात. खाल्ल्यास त्यांचे पैसे द्यावे लागतात, नको असल्यास ते परत करता येतात. शाकाहारींनी 'काल्दो व्हेर्द' हे हिरव्या पाल्याचे सूप मागवताना चौकशी करावी. त्यात बहुधा चोरिसाचा तुकडा असतो.

नदीकाठचा बाइशा हा सरळ रस्त्यांचा भाग 1 नोव्हेंबर 1755 च्या भीषण भूकंपानंतर नव्याने बांधला गेला. भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांत राजवाड्याबरोबरच पूर्वेकडील व्यापाराचा कारभार पाहणारे 'काझा दा इंडिया' हे कार्यालयही नष्ट झाले.

येथून 15 क्रमांकाची ट्राम बेलेमला जाते. 8 जुलै 1497 रोजी वास्को द गामाची जहाजे येथूनच निघाली. जेरोनिमोस मठात त्याची समाधी आहे. या मठाच्या उभारणीसाठी मसाल्यांच्या व्यापारावरील कराचा पैसा वापरला गेला. जवळच नदीकाठी दर्यावर्दींचे भव्य स्मारक आहे. सालाझार राजवटीने ते 1960 मध्ये उभारले. पुढच्याच वर्षी, 19 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्त झाला.

या वैभवाची किंमत कोणी मोजली, हे मात्र बेलेममध्ये फारसे उमगत नाही. त्यासाठी अन्यत्र जावे लागते. कॅथेड्रलजवळच्या आल्जूब तुरुंगात सालाझारचे विरोधक डांबले जात. 2015 पासून तेथे प्रतिकाराचे संग्रहालय आहे. बेलेमच्या पुढे, कास्काइशच्या रेल्वेमार्गावर काशियस लागते. तेथील किल्ल्यात मराठी शिक्षक व स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे यांनी कारावास भोगला. गोवा मुक्त झाल्यानंतरही त्यांची सुटका झाली नाही. त्यासाठी 1969 उजाडावे लागले.

लिस्बनच्या उत्तरेस सुमारे 90 किलोमीटरवर समुद्रकाठी पेनिशचा किल्ला आहे. टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर आणि अन्य गोमंतकीय नेत्यांना 1946 च्या चळवळीनंतर येथे आणले गेले. एप्रिल 2024 मध्ये या किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. लिस्बनहून बसने जाऊन एका दिवसात परतता येते.

संग्रहालये व स्मारके बहुधा सोमवारी बंद असतात, शिवाय दुरुस्तीसाठीही अधूनमधून मिटतात. निघण्यापूर्वी खात्री करावी. चार दिवसांचा मुक्काम असेल, तर त्यातील एक दिवस पेनिशसाठी जरूर राखून ठेवावा. बेलेम प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमात असतेच. पेनिश मात्र गोमंतकीयांनी स्वतःहून त्यात घालायला हवे.