उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात वैशाखाचे ऊन तापू लागले, की घरातील एखादी स्त्री दुसरीला दबल्या आवाजात सांगते, "मला उन्हाळी लागली आहे." लघवीला जळजळ होते, घटकेघटकेला जावेसे वाटते, गेल्यावर चार थेंबच होतात आणि ओटीपोट ठणकत राहते. मग रात्रभर भिजविलेल्या धण्याचे पाणी दिले जाते, सब्जा दिला जातो, आणि विषय तेथेच संपतो. परंतु हेच दुखणे पौषाच्या थंडीत, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत झाले, तरीही त्यास उन्हाळीच म्हणतात! या एका नावाने आपल्या भगिनींचे फार नुकसान केले आहे. उन्हाने आले ते उन्हाबरोबर जाईल, अशी समजूत त्या नावातच दडलेली आहे.

नाव अगदीच खोटे आहे, असे मात्र नव्हे. उन्हात घाम फार जातो, पाणी पोटात कमी पडते, लघवी थोडी, पिवळी व दाट होते आणि ती जळजळते. दोन-चार तांबे पाणी पोटात गेल्यावर ही जळजळ थांबली, तर ती खरोखर उन्हाळीच होती. पण पाणी पिऊनही एक-दोन दिवसांत आराम पडला नाही, लघवी गढूळ झाली, तिला घाण वास येऊ लागला अथवा तीत रक्त दिसले, तर ते उन्हाचे काम नव्हे. मूत्राशयात जंतूंनी ठाण मांडले आहे, असे समजावे.

धर्मगुरूने असल्या विषयावर लेखणी उचलावी काय, असे काही वाचकांस वाटेल. संत मार्कच्या शुभवर्तमानातील, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकीकत आपण चर्चमध्ये मोठ्याने वाचतो. तिने आपले सर्व द्रव्य वैद्यांपायी घालविले होते आणि अखेरीस गर्दीतून, पाठीमागून, कोणास न कळता तिने प्रभूच्या वस्त्रास स्पर्श केला. प्रभूने तिला बरे केले, परंतु गुपचूप जाऊ दिले नाही. तिने पुढे येऊन सर्व खरे सांगितले, तेव्हाच तिला शांतीने निरोप दिला. शुभवर्तमानाने जे झाकले नाही, ते आपल्या साप्ताहिकाने झाकावयाचे कारण मला दिसत नाही.

आता या दुखण्याचे मूळ पाहू. मूत्रपिंडांत तयार झालेली लघवी मूत्राशय नावाच्या पिशवीत साठते व तेथून एका मार्गाने बाहेर पडते. पुरुषांत हा मार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो; स्त्रियांत तो जेमतेम ४ सेंटिमीटर असून गुदद्वाराच्या अगदी निकट असतो. आपल्या प्रत्येकाच्या आतड्यांत ई. कोलाय नावाचे जंतू राहतात. तेथे ते सहसा उपद्रव देत नाहीत. पण एवढेसे अंतर ओलांडून ते मूत्राशयात शिरले, की आग सुरू होते. स्त्रियांना होणाऱ्या या विकारापैकी बहुतेकांस हेच जंतू कारण असतात. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. तेव्हा ज्या स्त्रीस तो झाला, ती अस्वच्छ आहे किंवा तिने काही वावगे केले आहे, असा अर्थ काढणे हा निव्वळ अन्याय होय.

हे मी विशेषेकरून नवविवाहित तरुणांस सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत पुष्कळ मुलींना हा त्रास होतो, कारण पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळी तिच्याच शरीरावरील जंतू आत ढकलले जातात. हा काही बाहेरून लागलेला रोग नव्हे. त्यावरून पत्नीच्या शीलाविषयी संशय घेणारा पती अडाणी तर आहेच, शिवाय तिच्यावर मोठे पाप करीत आहे. संबंधानंतर लवकर लघवीस जाऊन यावे, एवढी साधी सूचना विवाहाच्या तयारीच्या वर्गात दिली, तर काही संसारांतले अश्रू टळतील.

अशी दुखणी स्त्रिया किती झाकून ठेवतात, याचा पुरावा नागपूरच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात मिळाला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील २ गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रियांचे कोणते ना कोणते गुप्त दुखणे होते. पूर्वी कधी तपासणी करून घेतलेल्या अवघ्या ८ होत्या. ती पाहणी गर्भाशय व योनीमार्गाच्या विकारांची होती, केवळ मूत्राशयाची नव्हे. पण मौनाची रीत एकच आहे. गडचिरोलीची माती आणि आपली माती यांत तरी फार अंतर कोठे आहे?

या मौनाची दखल आपल्या पवित्र सभेनेही घेतली, जरा उशिरा का होईना. परपुरुषापुढे दुखणे सांगावयाचे नाही म्हणून या देशातील स्त्रिया उपचाराविना मरत होत्या आणि धर्मभगिनींना वैद्यकी करण्याची, विशेषतः बाळंतपणे करण्याची, मुभा नव्हती. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय उभे केले आणि हा निर्बंध उठविण्याबद्दल रोमकडे विनवण्या केल्या. १९१३ साली त्या निवर्तल्या. परवानगी आली ती १९३६ साली! मधल्या काळात, १९२० साली, मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियातील डॉक्टर गुंटूरला आल्या व पोपमहाशयांच्या खास अनुमतीने धर्मभगिनी असतानाच स्त्रियांवर उपचार करू लागल्या. कॅथॉलिक रुग्णालयांची आजची अखिल भारतीय संघटना १९४३ साली त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. म्हणून माझ्या भगिनींनो, पुरुष डॉक्टरांपुढे बोलवत नसेल तर स्त्री डॉक्टर गाठा, परिचारिका सिस्टरशी बोला, गावातील आशाताईंना सांगा, पण सांगा.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे लघवीची तपासणी. तिची रीत नीट समजून घ्यावी. जागा साध्या पाण्याने धुऊन घ्यावी, लघवीची पहिली धार सोडून द्यावी व मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ डबीत धरावी. घरातील औषधाची जुनी बाटली मुळीच वापरू नये. नमुना शक्यतो तासाभरात पोचवावा. जंतू कोणता व त्यावर कोणते औषध चालेल, हे पाहणाऱ्या तपासणीस, जिला कल्चर म्हणतात, दोन-तीन दिवस लागतात. प्रत्येकीस ती करावी लागतेच असे नाही. परंतु दुखणे पुन्हा पुन्हा होत असेल, गर्भारपण असेल किंवा पहिल्या औषधाने गुण आला नसेल, तर करावी. आणि नमुना पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा.

साधा संसर्ग योग्य अँटिबायोटिकने थोड्या दिवसांत बरा होतो. अडचण औषधाची नाही, आपल्या सवयीची आहे. औषधाच्या दुकानी मुलाला पाठवून दोन गोळ्या मागवावयाच्या, जळजळ थांबली की उरलेल्या फडताळात ठेवावयाच्या, आणि पुढे शेजारीण तक्रार करू लागली की तिला द्यावयाच्या! अशा अर्धवट आणि अवेळी औषधांमुळे जंतू निर्ढावतात. एके काळी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सेसिनसारख्या गोळ्यांना आज आपल्या देशातील ई. कोलाय मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत. लघवीची आग शमविणारे आंबटगोड पातळ औषध मिळते, त्याने बरे वाटते. पण ते जंतू मारीत नाही. धण्याच्या पाण्याचेही तसेच. ते जरूर प्यावे, पोटात पाणी जाते हे चांगलेच. मात्र त्याला उपचार म्हणू नये.

आता जे सांगतो, ते घरातील कर्त्या पुरुषांनी लक्षपूर्वक वाचावे. थंडी वाजून ताप आला, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूस कळ येऊ लागली, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असे धरावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. संत्र्यांचा तोडा संपू दे, बाजार होऊ दे, असे म्हणू नये. उशीर झाल्यास जंतू रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. मुतखडा असेल अथवा मधुमेह असेल, तर अधिकच जपावे.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर ताप येण्याचीही वाट पाहू नये. तिच्या लघवीत जंतू असूनही जळजळ मुळीच होत नाही, असे घडते. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडास सूज येण्याचा व मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणून तक्रार असो वा नसो, तिची लघवी तपासलीच पाहिजे. शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. गर्भात चालणारी औषधे निराळी असतात; ती डॉक्टरांनीच द्यावीत.

हे दुखणे टाळण्याचे उपाय ऐकावयास सोपे आहेत: पाणी भरपूर प्यावे, लघवी रोखून धरू नये, शौचानंतर पुढून मागे असे धुवावे, योनीमार्गात साबण किंवा जंतुनाशक घालू नये. पाण्याचा गुण तर प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाला आहे. वारंवार हा त्रास होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियात झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांस रोज दीड लिटर पाणी अधिक दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, तर इतर स्त्रियांस ३.२ वेळा. हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे.

पण सकाळी आठला वेचणीस गेलेली बाई पाणी पिणार कशी? प्यायली, तर जाणार कोठे? बाजूच्या ओळीत पुरुष, बांधावरून रस्ता. म्हणून ती पाणीच पीत नाही आणि आलेली लघवी संध्याकाळपर्यंत दाबून ठेवते. शाळेतील मुलीही, तेथील शौचालय घाणेरडे असले की, असेच करतात. येथे स्त्रीस उपदेश करणे व्यर्थ आहे. ज्याचे शेत, ज्याचा बगीचा, त्याने कोपऱ्यात तुराट्यांचा अथवा पऱ्हाट्यांचा आडोसा उभा करावा व शेजारी पाण्याचे पिंप ठेवावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. २०१४ नंतर गावोगाव शौचालये बांधली गेली, पण काही घरी आज त्यांत सरपण भरलेले दिसते. ते काढावे. आणि चर्चचा सण आला म्हणजे मंडपाची व वाजंत्रीची चर्चा आपण महिनाभर करतो. दुरून आलेल्या बायाबापड्यांच्या सोयीची चर्चाही त्याच सभेत व्हावी.

राहता राहिल्या आपल्या वृद्ध माता. पाळी थांबल्यानंतर शरीरातील ओलावा व संरक्षण कमी होते आणि त्रास पुन्हा पुन्हा उद्भवतो. त्यावर लावावयाचे मलम डॉक्टर देऊ शकतात. आजीला ताप आला, लघवीला आग होऊ लागली आणि जोडीला ती भ्रमिष्टासारखे बोलू लागली, तर वय झाले म्हणून स्वस्थ न बसता लघवी तपासून घ्यावी. यांतील काही माता पहाटेपासून मिस्सा संपेपर्यंत घोटभर पाणी घेत नाहीत. ख्रिस्तशरीर स्वीकारावयाचे आहे, उपवास मोडेल, असे त्यांना लहानपणी शिकविलेले असते. तो नियम पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच बदलला. पाण्याने हा उपवास मोडत नाही. आज हा उपवास एका तासाचाच आहे आणि वृद्धांना व आजाऱ्यांना त्यातूनही सूट आहे. औषधानेही तो मोडत नाही. तेव्हा सुनांनी सकाळी चर्चला निघताना सासूबाईंना पेलाभर पाणी व सकाळची गोळी निःशंकपणे द्यावी.